स्कॅनर मागवण्याआधी जरा दम धर

अगं, आबांच्या स्टुडिओतले निगेटिव्हचे डबे उघडलेस हे फार बरं केलंस. पण लगेच स्कॅनर मागवू नकोस. अंबाजोगाईच्या बाजारात मल्टिफंक्शन प्रिंटर दाखवून ‘यात सगळं स्कॅन होतं’ म्हणतील. होतं, पण कागद. निगेटिव्हला पाठीमागून उजेड लागतो, म्हणजे दिवा झाकणात हवा. प्लस्टेकचा ८१०० बघून हरखली होतीस ना? मशीन चांगलं आहे, पण ते पस्तीस एमएमचं. आबांचा माल सगळा वन-ट्वेन्टीचा, बारा फोटोंचे रोल. याशिका कॅमेऱ्याचे ते चौकोन त्याच्या फटीत शिरायचेच नाहीत.

मग उरतो एप्सनचा व्ही६००, आणि हात सैल सोडलास तर व्ही८५०. खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला भुलू नकोस. खरा तपशील त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकाच मिळतो. तरी हिशेब कर: चौकोन ५६ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन इंचाला थोडा कमी. १६०० धरले तरी एका बाजूला ३५०० पिक्सेल. ३०० डीपीआयने जवळजवळ १२ इंची प्रिंट. आत्याच्या लग्नाचा फोटो याहून मोठा कोण लावणार आहे? निकॉनच्या कूलस्कॅन ९०००चं नाव कुणी काढलं तर ऐकून सोडून दे. ते कधीच बंद झालं, बिघडलं तर बीडात काय, पुण्यातही दुरुस्तीला वणवण.

माझं विचारशील तर मी काहीच विकत घेणार नाही. म्हणजे फारसं काही नाही. तुझ्या दिरांकडे लग्नाच्या ऑर्डरींसाठी २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, त्यानेच निगेटिव्हचे फोटो काढायचे. डार्करूममध्ये आबांचा एन्लार्जर धूळ खात पडलाय. त्याचं डोकं काढ, खांबावर कॅमेरा उलटा तोंड खाली करून बसव. खाली एलईडी पॅनल, त्याच्या थोडी वर निगेटिव्ह, भोवती काळा कागद. मॅक्रो लेन्स तेवढी आण, आधी भाड्याने. कॅमेरा सरळ आहे का ते कसं बघायचं? निगेटिव्हच्या जागी आरसा ठेव. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. चौकोनाचे ४००० पिक्सेल मिळतात, आणि एकेका फोटोला स्कॅनरसारखं ताटकळावं लागत नाही. रंग उडालेले रंगीत रोल बरेच निघाले, तर मात्र व्ही६००चा विचार कर. त्यातलं डिजिटल आइस धूळ-ओरखडे पुसतं. कृष्णधवलवर ते चालवू नकोस हं. इन्फ्रारेड चांदीतून पार होत नाही, आणि मशीन चित्रालाच धूळ समजतं.

धुळीचं काय, उन्हाळ्यातली आपली धूळ तुला सांगायला नको. फरशी ओल्या फडक्याने पुसून घे, पंखा बंद कर, रबरी ब्लोअरने फुंक मार. पदराने पुसलंस तर खबरदार!

आणि एसटीच्या पार्सलात डबे टाकून माझ्याकडे पाठवायचा विचार असेल तर तो सोड. दिवाळीला मीच येते, आरसा आणि काळा कागद तयार ठेव.