रस्सा दुपारी दीडला चाखा

गुलमंडीच्या बाजारातल्या एका गल्लीत आमची खानावळ आहे. सहा टेबलं, दोन पंखे, मागे स्वयंपाकघर. एप्रिल-मेमध्ये लग्नाचा बस्ता बांधायला पैठण, सिल्लोड, वैजापूरकडची माणसं सकाळीच इथे उतरतात आणि पारा चाळिशीपार गेला की घामाघूम होऊन जेवायला टेकतात. "जेवण जात नाही, काही तरी झणझणीत द्या," असं त्यातले कितीतरी जण म्हणतात. मागणी खोटी नाही. उन्हाने तोंडाची चव जाते आणि तिखटाने ती परत येते. म्हणून तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी पाटवडीच्या रश्शाचं तिखट वाढवलं. ते ज्या रीतीने वाढवलं तिथे चुकलं. उपाहारगृह, खानावळ, रसवंतीशेजारची गाडी, काहीही चालवत असाल तरी हे वाचा.

आमच्याकडे ब्याडगी जास्त आणि लवंगी थोडी असते. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. त्या वर्षी कांडपाला मिरची देताना मी लवंगी दुप्पट केली. डबा तोच, पळी तीच, माप तेच राहिलं. सकाळी दहाला रस्सा चाखला तेव्हा बेताचाच वाटला. पण तोवर ठेचा, लसणाची चटणी आणि भुरका चाखून माझी जीभ बधिर झाली होती, हे ध्यानात आलं नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या मज्जातंतूंना ज्या ठिकाणी डिवचतं, त्याच ठिकाणी त्यांना 43 अंशांच्या पुढची उष्णता जाणवते. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. म्हणून वाफाळता रस्सा निवलेल्यापेक्षा जास्त झोंबतो, आणि सारखं डिवचल्याने ते मज्जातंतू मंदावतात, म्हणून सारखं तिखट चाखणाऱ्याच्या जिभेवर काही काळ भरवसा ठेवता येत नाही.

दीडच्या सुमाराला रंगारगल्लीकडून रोज येणारे एक काका बसले. वय सत्तरीपुढचं. माझ्या सासूबाई गल्ला सांभाळायच्या तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. दुसऱ्याच घासाला त्यांना उचकी लागली, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी घाबरून माठातलं गार पाणी दिलं, मग पुन्हा दिलं, पण आग कमी होईना. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. पाण्याने ते तोंडभर पसरतं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपल्या ताटातली दह्याची वाटी पुढे केली, तेव्हा कुठे उचकी थांबली. ते उठले आणि एवढंच म्हणाले, "सूनबाई, हात चांगलाय तुझा, पण आज खाता येईना." ताट अर्धं तसंच होतं. पुढचे पंधरा दिवस ते आले नाहीत. ते पंधरा दिवस रोज दीडला माझं लक्ष दाराकडे जायचं.

ते गेल्यावर मी झाकण काढून पातेल्यात बघितलं. आतल्या कडेला रश्शाची सुकलेली लाल रेघ होती आणि रस्सा त्या रेघेच्या दोन बोटं खाली गेला होता. काही वाढण्यात गेला होता, पण दहापासून पातेलं मंद आचेवरही होतं. पाणी उडालं, तिखट-मीठ तिथेच राहिलं. सकाळी अकराला जेवलेल्या गिऱ्हाइकाने आणि दीडला बसलेल्या काकांनी एकाच पातेल्यातला, पण वेगवेगळा रस्सा खाल्ला होता.

तेव्हापासून उन्हाळ्यात पातेलं सौम्य ठेवते. त्यात येसर, काळा मसाला, भाजलं खोबरं, दगडफूल सढळ हाताने घालते, कारण वासाने भूक चाळवते. तिखट मात्र ताटाच्या कडेला जातं. भुरक्याची छोटी वाटी प्रत्येक टेबलावर असते. भुरका करताना तेल तापवून गॅस बंद करा, ठेचलेला लसूण आणि तीळ तडतडू द्या, तेल जरा निवलं की मग लाल तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घाला. कडकडीत तेलात तिखट पडलं तर ते जळून कडू होतं आणि ठसक्याने बाहेरची सगळी माणसं खोकू लागतात. त्याच्या जोडीला कैरीचा तक्कू ठेवा: किसलेली कैरी, गूळ, मीठ, तिखट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. उन्हाळ्यातलं तिखट मला तरी तक्कूमध्येच सगळ्यात शोभून दिसतं, कारण आंबट-गोडाच्या सोबतीने ते जिभेला चव आणतं आणि घशाला लागत नाही.

हिरव्या मिरचीचं तिखटपण बियांत असतं असं आपण धरून चालतो. मुख्य तिखट असतं ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत. भरल्या मिरचीची ती शीर काढली तर लेकरंही खातात. मठ्ठा कालवल्या कालवल्या चाखून मिरची वाढवू नका. मिरची ताकात उतरायला अर्धा तास लागतो. गार झाल्यावर, वाढायच्या आधी चाखा.

वाढणाऱ्या पोराला विचारायला शिकवा: लहान मूल आहे का, पित्ताचा त्रास आहे का. तिखटाने घाम सुटतो आणि आपल्या कोरड्या हवेत तो वाळताना बरं वाटतं, पण गेलेलं पाणी-मीठ भरून यायला हवं. म्हणून आमच्याकडे मीठ-जिऱ्याचं ताक ताटाच्या आधी येतं, आणि तिखट लागलंच तर द्यायला घट्ट दही हाताशी असतं. पातळ ताकाचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

सोळाव्या दिवशी काका आले. मी भुरक्याची वाटी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली आणि आत गेले. बाहेर येऊन पाहिलं तर वाटीला चमच्याच्या टोकाएवढा खळगा पडला होता.

आता रोज दीडला रस्सा चाखायचं काम गल्ल्यावरच्या मुलीकडे आहे. तिने सकाळपासून काही चाखलेलं नसतं. नव्या कांडपाचा डबा उघडला की मी पहिले आठ दिवस निम्म्या मापाने सुरुवात करते. पातेल्याला आतून लाल रेघ दिसली की चवीच्या अंदाजाने थोडं पाणी घालते, तेही उकळतं, कारण गार पाण्याने तर्री मोडते. मग एक उकळी येऊ देते आणि पुढचं ताट वाढते.