आठवडे बाळाचे, दिवस विम्याचे

हुबळीच्या देशपांडे नगरातल्या दवाखान्यात हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. मुलगी लग्न करून जर्मनीला, अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेलेली असते आणि दिवस राहिल्याची बातमी आईला फोनवर कळलेली असते. आई विचारते, "डॉक्टर, तिला अजून तपासलंच नाही म्हणे, महिन्यानंतरची वेळ दिलीय. इथून गोळ्या पाठवू का?" काही मुली जायच्या आधीच गरोदर असतात. त्या फाइल पुढे करून विचारतात, "विमा इथूनच काढून जाऊ का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी एकत्रच देते. गरोदरपणाचा हिशेब आठवड्यांत चालतो आणि विम्याचा दिवसांत. दवाखान्याची तारीख चुकली तर पुढची मिळते. विम्याची मुदत चुकली तर कधीकधी बाळंतपण होऊन जातं तरी दार उघडत नाही. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात दोन फोन करा. एक दवाखान्याला, दुसरा विमा कंपनीला किंवा नोकरीच्या ठिकाणच्या एचआरला.

निघण्यापूर्वी फाइल नीट करा

आपल्याकडच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख ०४/०५ अशी लिहिलेली असते. आपण ती ४ मे वाचतो, अमेरिकेतली नर्स ५ एप्रिल वाचते. बाळ एका क्षणात चार आठवड्यांनी मोठं होतं, आणि मग वाढ कमी आहे की काय, अशी नसती शंका निघते. त्यामुळे महिना अक्षरांत लिहून घ्या. सुरुवातीच्या सोनोग्राफीचा छापील अहवाल सोबत हवाच, कारण आठवडे ठरवायला त्याच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नाही.

आकड्यांची एककंही बदलतात. आपलं ११ हिमोग्लोबिन इंग्लंडमध्ये ११० असतं, आणि आपली १४० साखर तिथे ७.८ होते. घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे एवढंच. रक्तगट, थायरॉइड, एचबीए-टू, एचआयव्ही, कावीळ बी यांचे अहवाल आणि घेतलेल्या लसींच्या तारखा एका पानावर इंग्रजीत लिहून मागा. कोणताही डॉक्टर देईल. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते ठळक अक्षरांत लिहा, कारण २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन लागतं. आधीचं सिझेरियन झालं असेल तर त्या शस्त्रक्रियेची नोंद घ्या. टाका आडवा की उभा, हे गर्भाशयावरचं विचारतात, पोटावरचं नव्हे. सरकारी दवाखान्यातलं तायी कार्ड असेल तर तेही ठेवा.

लग्नाची नोंद राहिली असेल तर ती आधी करा. नवऱ्याच्या विम्यात बायकोचं नाव घालायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, मंगल कार्यालयाची पावती चालत नाही. दाखला कन्नडमध्ये असेल तर त्याचं अधिकृत भाषांतर करून ठेवा.

विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, पण २८ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बहुधा घेतच नाहीत. हुबळीहून बेंगळुरू किंवा मुंबई, तिथून पुढचं विमान असा प्रवास दिवसभराचा होतो. पायांच्या शिरांत रक्त गोठू नये म्हणून तासा-दीड तासाने उठून चाला आणि पाणी पीत राहा.

प्रवासी विमा बाळंतपणाला चालत नाही

इथून दोन-चार हजारांत निघणारा प्रवासी विमा सामान सापडेना किंवा पाय मोडला तर उपयोगाचा. नेहमीच्या तपासण्या आणि नेहमीचं बाळंतपण त्यात जवळजवळ कधीच धरलेलं नसतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर काय मिळेल ते असतं. तुम्ही 'काय मिळणार नाही' हे पान उघडा आणि तिथे गरोदरपणाचा उल्लेख शोधा.

अमेरिकेत कंपनीच्या विम्यात किंवा २०१० च्या आरोग्य कायद्याखालच्या विम्यात गरोदरपण 'आधीचा आजार' म्हणून नाकारता येत नाही. अडचण आत शिरण्याच्या मुदतीची आहे. लग्न झालं किंवा बाळ जन्मलं की कंपनीच्या विम्यात नाव घालायला किमान ३० दिवस मिळतात, त्या कायद्याखालच्या सरकारी बाजारपेठेतल्या विम्यासाठी ६० दिवस. ती मुदत हुकली तर वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. आणि गंमत अशी, की दिवस राहणं हे मध्येच विमा घेण्याचं कारण बहुतेक राज्यांत मानत नाहीत. तेव्हा तिथे उतरल्यावर घर लावायच्या आधी एचआरला ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

विमा मिळाल्यावर चार गोष्टी विचारा. वर्षाला आधी स्वतःच्या खिशातून किती भरायचं, म्हणजे डिडक्टिबल किती? त्यानंतर आपला वाटा किती टक्के? वर्षाची कमाल मर्यादा किती? डॉक्टर आणि रुग्णालय दोन्ही त्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहेत का? बऱ्याच पॉलिसींचं वर्ष १ जानेवारीला नव्याने सुरू होतं. ऑगस्टमध्ये दिवस राहिले आणि मे महिन्यात बाळंतपण आलं, तर डिडक्टिबल दोनदा भरावं लागू शकतं. हे आधी कळलं तर पैशांची सोय करता येते. डॉक्टर तपासण्या आणि बाळंतपणाचं एकत्र बिल लावतात, पण रक्ततपासण्या, सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ आणि रुग्णालय यांची बिलं वेगळी येतात. नेटवर्कमधल्या रुग्णालयात बाहेरचा भूलतज्ज्ञ आला म्हणून जास्तीचं बिल लावायला जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. तसं बिल आलं तर निमूटपणे भरू नका, आधी विमा कंपनीला फोन करा.

इंग्लंडची रीत निराळी. व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे, विद्यार्थी आणि त्यांच्या कुटुंबीयांना ७७६. तो भरला की एनएचएसमध्ये बाळंतपणाचे वेगळे पैसे नाहीत. तपासणी मिडवाइफ करते, आणि पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते. नाव नोंदवायला डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट पाहू नका, बऱ्याच ठिकाणी थेट अर्ज करता येतो. मिडवाइफकडून माफीचं प्रमाणपत्रही मागून घ्या. त्यावर गरोदरपणात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं आणि दातांचे उपचार मोफत मिळतात. पाहुण्यांच्या व्हिसावर गेलेल्यांना मात्र बिल लागतं. पण पैसे नाहीत म्हणून गरोदर बाईला उपचार नाकारत नाहीत, त्यामुळे बिलाच्या भीतीने तपासणी टाळू नका.

जर्मनीत नवरा सरकारी विम्यात असेल तर न कमावणारी बायको जादा हप्त्याशिवाय त्यात येते. खासगी विमा घेतला तर बाळंतपणासाठी आठ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. तिथे गरोदरपणाची सगळी नोंद 'मुटरपास' नावाच्या छोट्या वहीत होते. १९६१ पासूनची ही पद्धत आहे. ती वही पर्समध्ये कायम ठेवा. बाळंतपणानंतर घरी येणारी सुईण, म्हणजे हेबामे, मोठ्या शहरांत मिळणं कठीण असतं. पहिल्या तिमाहीतच तिला गाठा. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांच्या आणि खासगी विम्यात बाळंतपणासाठी १२ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, हे शिकायला जाणाऱ्या जोडप्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

'तिथं नीट बघतच नाहीत'

ही तक्रार आयांची. आपल्याकडे दर महिन्याला सोनोग्राफी झाली की जिवाला बरं वाटतं. इंग्लंडमध्ये सगळं ठीक असेल तर दोनच होतात, जर्मनीत तीन. जास्त सोनोग्राफ्या केल्याने बाळ जास्त सुदृढ होत नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. आपल्याकडे पांडुरोगाचं प्रमाण जास्त असल्याने सरकार सगळ्यांनाच १८० दिवस गोळ्या देतं. तिथे हिमोग्लोबिन पाहून देतात. फॉलिक अ‍ॅसिडच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळीसाठी मात्र कुणाच्या बोलावण्याची वाट पाहू नका. दिवस राहायच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत ती रोज घ्या. तिथल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.

आपल्या बाजूने दोन गोष्टी सांगायच्या. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. इथे आपण पहिल्याच तपासणीत साखर पाहतो, तिथे बहुतेकदा २४ ते २८ आठवड्यांत पाहतात. दुसरी, तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ तपासायला सांगा. थंड देशात ऊन कमी असल्याने ड जीवनसत्त्वाची गोळीही लागते. सोनोग्राफी करणारी बाई "मुलगा की मुलगी सांगू का?" असं सहज विचारेल. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे. तिथे विचारलं, तर "नको" म्हणायचा हक्क तुमचा आहे, आणि ते उत्तर घरच्यांनी फोनवरून बदलू नये.

गोळ्या पाठवू का, या प्रश्नाचं उत्तर: डिंकाचे, अळिवाचे लाडू पाठवा, औषधांच्या पुड्या नकोत. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं होतं. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. 'मुलगा होण्याच्या' पुड्या तर सरळ कचऱ्यात टाका. काही घेत असाल तर तिथल्या डॉक्टरांना नावासकट सांगा.

इथे थांबायचं नाही

बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचं नाव आपल्या भागात अजून विसरलेलं नाही. दंतवैद्य असलेल्या, ३१ वर्षांच्या सविता ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत १७ आठवड्यांच्या गरोदर असताना रुग्णालयात गेल्या. गर्भ वाचणार नव्हता, पण ठोके सुरू होते म्हणून तो काढण्याची विनंती मान्य झाली नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. त्यांच्यावर पुरेसं लक्ष ठेवलं गेलं नाही, असं पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालात नोंदलं गेलं. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी जनमत घेऊन घटनेतलं गर्भपातबंदीचं कलमच काढलं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. ज्या देशात, अमेरिकेत तर ज्या राज्यात राहता, तिथला गर्भपाताचा कायदा माहीत असू द्या. २०२२ पासून तिथे राज्याराज्यांत मोठा फरक पडला आहे. दुसरी गोष्ट, पुढची लक्षणं दिसली तर वेळ मागत बसू नका, थेट रुग्णालय गाठा: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, थंडी वाजून ताप, असह्य डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एकाएकी चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी होणं. "मी इतक्या आठवड्यांची गरोदर आहे, पाणी गेलंय आणि ताप आहे" हे वाक्य इंग्रजीत किंवा तिथल्या भाषेत पाठ करा आणि नवऱ्याकडूनही करून घ्या. अमेरिकेत इमर्जन्सी विभागाने विमा न पाहता तपासलंच पाहिजे, असा १९८६ पासूनचा कायदा आहे. बिल नंतर येईल, ते नंतर बघता येतं.

माहेरी यायचं असेल तर

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर ३२व्या आठवड्याच्या आत या. इथल्या वैयक्तिक विम्यात बाळंतपणासाठी नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे येताना घेतलेला विमा बाळंतपणाला पुरणार नाही. खर्च झेपणारा नसेल तर सरकारी रुग्णालयं आहेत, हुबळीत किम्स आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तिथे सिझेरियनसुद्धा मोफत होतं. मात्र परतताना बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, आणि त्यात महिने जातात.

बाळ परदेशात झालं तर विम्यात त्याचं नाव घालायची मुदत जन्माच्या दिवसापासून चालू होते. अमेरिकेत कंपनीच्या विम्यासाठी ती साधारण ३० दिवसांची असते. बारशाच्या गडबडीत ती हमखास निसटते, म्हणून हे काम बाळाच्या वडिलांकडे नावानिशी सोपवा.

आणि बाळंतपण करायला निघालेल्या आयांनो, तुमच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मुक्काम पुरेल एवढ्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासी विमा घेताना आधीचे आजार लपवू नका. लपवलेला आजार निघाला की दावा फेटाळला जातो. तिकीट काढाल त्याच दिवशी तुमचाही विमा काढा.