परदेशातील चित्रखरेदी : पैसे भरण्यापूर्वी

इंदूरचे एक निवृत्त दांपत्य इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सला उतरले आहे, अशी कल्पना करू. एका कलादालनात हयात चित्रकाराचे तैलचित्र दोघांच्याही मनात भरते. किंमत ३,००० युरो. विक्रेता सांगतो, ‘पैसे भरा, चित्र घरपोच पाठवू.’ निर्णयाचा क्षण हाच. कारण ‘घरपोच’ या शब्दाचा अर्थ कागदावर उतरल्याखेरीज निश्चित होत नाही.

जोखीम कोणाची? आंतरराष्ट्रीय व्यापारातील ‘एक्स वर्क्स’ या अटीनुसार विक्रेत्याच्या दारातच जोखीम खरेदीदाराकडे येते. ‘डीएपी’ या अटीनुसार ठरलेल्या ठिकाणापर्यंत ती विक्रेत्याची राहते. भारतातील सीमाशुल्क मात्र खरेदीदारालाच भरावे लागते. किंमत तीच, पण व्यवहार दोन! यांपैकी कोणती अट मान्य केली, ते बिलावर लिहून घ्यावे.

विमा व वेष्टन : विमा दालनाच्या भिंतीपासून घरापर्यंतचा असावा. वेष्टनापूर्वी चित्राची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. लाकडी पेटीवर ‘आयएसपीएम १५’ हा शिक्का हवा. लाकडातील कीड मारण्यासाठी ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवणे, ही या मानकातील एक मान्य प्रक्रिया आहे.

कागदपत्रे : बिलावर चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम, आकार व चित्र हाताने रंगवलेले असल्याचा उल्लेख असावा; कारण हस्तचित्र सीमाशुल्काच्या ९७०१ या शीर्षकाखाली येते, छापील प्रत येत नाही. ७० वर्षांहून जुन्या, दिवंगत चित्रकाराच्या कृतीसाठी इटलीचा निर्यात परवाना लागू शकतो.

सीमाशुल्क : आकारणी केवळ किमतीवर होत नाही; वाहतूक व विमाही त्यात मिळवला जातो. हे खर्च समजत नसतील, तर जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या अनुक्रमे २० टक्के व १.१२५ टक्के धरले जातात. म्हणजे ३,००० युरोंत ६०० व ३३.७५ मिळवून मूल्य ३,६३३.७५ युरो होते. ‘बिलात किंमत कमी दाखवू’ हा विक्रेत्याचा प्रस्ताव साफ नाकारावा. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ अन्वये असा माल जप्त होऊ शकतो. शिवाय चित्राची हानी झाल्यास विम्याच्या दाव्यातही तेच बिल आड येते.

रक्कम पाठवणे : २००४ मध्ये सुरू झालेल्या उदारीकृत विप्रेषण योजनेतून निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परराष्ट्र व्यापार धोरणाच्या अधीन राहून त्यातून कलावस्तूही खरेदी करता येतात. पॅन आवश्यक आहे. वैयक्तिक वापरासाठीच्या आयातीला आयात-निर्यात संकेतांक लागत नाही.

पेटी घरी आल्यावर ती उघडून पाहावी आणि काही हानी आढळल्यास पोचपावतीवर नोंदवूनच सही करावी. एका सहीची घाई झाली, तर विम्याचा दावा सिद्ध करणे कठीण होते. परदेशी प्रयाणापूर्वी आपल्या शाखेतील परकीय चलन विभागाशी अर्धा तास बोलून घेतल्यास आयुष्यभराची हौस मनःस्तापाचे कारण ठरणार नाही.