लहानग्या ध्वनिवर्धकाची घरगुती सुधारणा

गिटार हें वाद्य आतां आमच्या विद्यार्थ्यांस परकें राहिलेलें नाहीं. उपासनेंत, स्नेहसंमेलनांत, सहलींत आणि विशेषेंकरून नाताळच्या दिवसांत घरोघर गीतें गात फिरणाऱ्या मंडळींत तें असतेंच. या फिरत्या मंडळींबरोबर भिंतींतील वीज कांहीं चालत जात नाहीं. म्हणून कोणीतरी बॅटरीवर चालणारा एक लहानसा ध्वनिवर्धक कमरेस अडकवितो. पहिल्या दोन घरीं तो बरा वाजतो. पुढें त्याचा घसा बसूं लागतो, आणि गल्लीच्या टोंकास पोहोंचेपर्यंत वाजविणाऱ्याचे नुसते हात हालत राहतात. मग नवा, मोठा ध्वनिवर्धक हवा असा हट्ट घरीं सुरू होतो. तो हट्ट पुरविण्यापूर्वीं जुन्याच यंत्रांत थोडक्या खर्चांत काय करितां येण्यासारखें आहे, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढ्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

आरंभींच एक मर्यादा घातली पाहिजे. येथें जें सांगावयाचें तें केवळ ९ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांविषयीं आहे. निर्वात नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, ध्वनिवर्धक दिसावयास लहान असले तरी त्यांची जात निराळी. फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’ हा त्या वर्गांतील अगदीं धाकटा. पण त्याच्याही पोटांत ३०० हून अधिक व्होल्टांचा दाब खेळत असतो, आणि भिंतींतील प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरांत सांठलेली वीज कांहीं काळ दबा धरून बसते. ती प्राण घेऊं शकते. असल्या यंत्राचें झांकण विद्यार्थ्यानें उघडूं नये व पालकांनीं उघडूं देऊं नये. बॅटरीच्या यंत्रांत ही भीति नाहीं. तेथें फार तर डाखणीच्या इस्त्रीचा चटका बसेल.

बॅटरीवरील लहान ध्वनिवर्धकांपैकीं पुष्कळांत, आणि हौशी लोक घरीं बांधतात त्यांपैकीं बहुतेकांत, एलएम ३८६ नांवाची आठ पायांची आयसी असते. ती अमेरिकेंतील नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीनें काढिली. पुढें २०११ सालीं ही कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीनें विकत घेतली. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत पहिला ट्रान्झिस्टर चालला, तेव्हां तो एकटाच टेबलावर मांडलेला होता. येथें करंगळीच्या नखाएवढ्या काळ्या तुकड्यांत असे अनेक ट्रान्झिस्टर एकत्र नांदतात. तुकड्याच्या एका टोंकास खांच असते. ती वर धरिली म्हणजे डाव्या बाजूस वरून खालीं १ ते ४ व उजव्या बाजूस खालून वर ५ ते ८ असे पाय मोजावे. २ व ३ हे आंत येण्याचे मार्ग, ४ हा बॅटरीच्या ऋण टोंकाचा, ६ हा धन टोंकाचा, आणि ५ मधून वाढविलेला ध्वनि कंडेन्सरमार्गें स्पीकरकडे जातो. १ व ८ यांची गोष्ट पुढें येईल.

आतां मूळ दुखणें कोठें आहे तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, यंत्राची शक्ति कमी म्हणून आवाज वाईट. हें अर्धेंच खरें आहे. खरा बिघाड बहुधा दाराशींच, म्हणजे गिटारची तार ध्वनिवर्धकांत जेथें शिरते तेथेंच असतो.

विजेच्या गिटारचा पिकप म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. पोलादी तार हालली कीं चुंबकक्षेत्र हालतें आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेला हाच तो नियम; वर्गांत शिकविलेली गोष्ट येथें तारेवर वाजते. अशा वेटोळ्याचा विरोध सर्व स्वरांस सारखा नसतो. स्वर जितका उंच, तितका विरोध अधिक. उदाहरणार्थ, वेटोळ्याचें प्रवर्तन ३ हेन्री धरिलें, तर गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झच्या स्वरास त्यामुळें सुमारें १,५०० ओहम विरोध होतो. परंतु ३,००० हर्ट्झला तोच सुमारें ५६,५०० ओहम होतो. एलएम ३८६ च्या दाराचा रोध ५०,००० ओहम आहे. म्हणजे खर्जाचे स्वर जवळजवळ पुरते आंत जातात, आणि ज्या उंच उपस्वरांमुळें तारेचा आवाज तारेचा वाटतो, त्यांचा मोठा भाग दाराबाहेरच अडतो. त्यांत आयसीच्या माहितीपत्रकांतील नमुन्याबरहुकूम दारावर १०,००० ओहमचा व्हॉल्यूम बसविलेला असला, तर आणखीच ओढ पडते व खर्जही दबतो. माहितीपत्रकाची यांत चूक नाहीं. तो नमुना गिटारसाठीं आंखलेला नव्हताच.

साध्या लांकडी गिटारला पिझो जातीचा पिकप चिकटवितात, त्याची तऱ्हा नेमकी उलटी. तो स्वतःच एक लहान कंडेन्सर असतो. त्याची धारिता १ नॅनोफॅरड धरिली, तर ५०,००० ओहमच्या दाराशीं सुमारें ३,२०० हर्ट्झच्या खालचा ध्वनि क्षीण होत जातो. म्हणजे खर्ज नाहींसा होऊन पत्र्याचा डबा वाजविल्यासारखा किरकिरा नाद उरतो. एकाच दारांत एकाचा तार स्वर अडतो व दुसऱ्याचा खर्ज, हें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो. नाताळच्या फेरींत बहुधा हें दुसरेंच गिटार असतें.

उपाय दोघांस एकच. आयसीच्या पुढें एक द्वारपाळ बसवावा. हा द्वारपाळ म्हणजे एन-चॅनेल जातीचा एक जेफेट; एमपीएफ १०२ अथवा २एन५४५७ हे त्यांपैकीं हौशी लोकांच्या परिचयाचे. त्याला तीन पाय असतात: गेट, ड्रेन व सोर्स. ड्रेन बॅटरीच्या धन टोंकास जोडावा. सोर्सपासून ऋण टोंकापर्यंत ३,९०० ओहमचा रोध घालावा. गिटारची तार गेटवर आणावी, आणि गेटपासून ऋण टोंकापर्यंत चुंबकी पिकपसाठीं १० लक्ष ओहमचा, पिझोसाठीं ४७ लक्ष ओहमचा रोध लावावा. सोर्सवरून १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून ध्वनि पुढें व्हॉल्यूमकडे न्यावा. हा द्वारपाळ आवाज वाढवीत नाहीं, किंबहुना किंचित् घटवितोच. परंतु पाहुण्याकडून कांहीं न घेतां तो त्याचा निरोप आंत पोंचवितो. ४७ लक्ष ओहमशीं वरचेंच गणित पुन्हां केलें, तर ३,२०० च्या जागीं ३४ हर्ट्झ येतात, म्हणजे सर्व खर्ज सुखरूप. एवढ्या एका फेरफारानें जो पालट होतो, तो पुढील सर्व सुधारणांपेक्षां मोठा आहे असें आमचें मत आहे. ज्यास एकच गोष्ट करावयाची असेल त्यानें हीच करावी. जेफेटच्या पायांचा क्रम जातीजातींत बदलतो; दुकानांतून घेतांनाच तो विचारून लिहून घ्यावा.

आतां १ व ८ या पायांकडे वळूं. ते मोकळे ठेविले तर आयसी ध्वनि २० पट वाढविते. त्यांच्यामध्यें १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला तर २०० पट. मुलांना २०० चा मोह पडतो. पण गणित पाहावें. गिटारकडून ०.१ व्होल्ट आला, तर २० पटीनें २ व्होल्ट होतात. हें बॅटरीच्या आवाक्यांतील आहे. २०० पटीनें २० व्होल्ट व्हावयास पाहिजेत. ते ९ व्होल्टांच्या बॅटरीनें आणावे कोठून? मग लाटेचा माथा व तळ सपाट कापला जातो आणि फाटका, गुरगुरणारा ध्वनि निघतो. रॉक संगीतांत हाच फाटका ध्वनि मुद्दाम शोधितात, आणि त्यांत एक प्रकारचें सौंदर्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शांत रात्रीच्या गीताबरोबर तो शोभत नाहीं. दोन्हींची सोय हवी असल्यास कंडेन्सरच्या रांगेंत ५,००० ओहमचा फिरता रोध, म्हणजे पॉट, बसवावा. तो फिरवून २०० पासून सुमारें २५ पर्यंत पाहिजे ती वाढ घेतां येते.

स्पीकरच्या वाटेवरील कंडेन्सरही तपासावा. तो २२० मायक्रोफॅरडचा असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरशीं मिळून ९० हर्ट्झच्या खालीं उतार सुरू होतो, आणि जाड तार ८२ वर आहे. ४७० चा घातला कीं ही मर्यादा ४२ वर येते. मात्र डबींतील दोन-तीन इंची स्पीकरच खर्ज काढूं शकत नसेल, तर हा खर्च व्यर्थ.

स्पीकरविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण आवाज मोठा करण्याची सर्वांत स्वस्त युक्ति तेथें आहे. ही आयसी ९ व्होल्टांवर ८ ओहमच्या स्पीकरला पाऊण वॅटच्या आंतच शक्ति देते. ती वाढवितां येत नाहीं. पण तेवढ्याच शक्तीचा ध्वनि किती करावा हें स्पीकरच्या हातीं असतें. एक वॅट दिला असतां एक मीटरवर लहान स्पीकर ८५ डेसिबल व बारा इंची गिटार-स्पीकर ९७ डेसिबल देतो असें समजा. फरक १२ डेसिबलांचा; म्हणजे शक्तीच्या हिशेबानें सुमारें १६ पट. तेव्हां घरांत जुना मोठा स्पीकर पडून असेल, तर डबीला बाहेरच्या स्पीकरसाठीं एक सॉकेट बसवावें. दोन दक्षता मात्र घ्याव्या. स्पीकर ८ ओहमहून कमी नसावा, नाहींतर आयसी तापते. दुसरें, कांहीं नव्या यंत्रांत दुसऱ्याच जातीची आयसी असते व तिच्या स्पीकरचें कोणतेंच टोंक बॅटरीच्या ऋण टोंकाशीं जोडलेलें नसतें. तेथें धातूचें सॉकेट लावल्यास आयसी जळूं शकते. म्हणून आधीं मीटरनें पाहावें.

पेटीचाही परिणाम होतो. स्पीकरच्या पाठीची लाट पुढें येऊन पुढच्या लाटेस मारिते, म्हणून उघडा स्पीकर खर्जांत मुका होतो. १९७३ सालीं निघालेल्या ‘पिगनोज’ नांवाच्या अमेरिकन ध्वनिवर्धकाची पेटी पुस्तकासारखी उघडतां येते, व कमीअधिक उघडून नादाचा रंग बदलतां येतो. त्याची व्हॉल्यूमची कळ डुकराच्या नाकासारखी आहे म्हणून हें नांव.

शेवटीं बॅटरी, कारण गल्लीच्या टोंकाशीं घसा बसतो तो हिच्यामुळें. चौकोनी ९ व्होल्टांच्या अल्कलाइन बॅटरींत सुमारें ५०० मिलिॲम्पिअर-तास इतकाच सांठा असतो. शांत बसली असतां आयसी ४ मिलिॲम्पिअर घेते, पण भर आवाजांत सतत वाजवूं लागल्यास १४० पर्यंत जाते. भागाकार केला तर साडेतीन तास; आणि बॅटरीचा अंतर्गत रोध मोठा असल्यानें प्रत्यक्षांत तितकेहि नाहींत. तिच्या जागीं पेन्सिल-सेल म्हणतात ते एए आकाराचे ६ अल्कलाइन सेल एकापुढें एक जोडावे. दाब तोच ९ व्होल्ट, सांठा सुमारें चौपट. पिगनोजमध्येंही असेच ६ सेल असतात. सेलांची प्लॅस्टिकची चौकट स्वस्त मिळते; डबींत मावली नाहीं तर पाठीवर बांधावी. धन तारेंत १एन५८१९ हा डायोड घालून ठेवावा, म्हणजे घाईंत बॅटरी उलटी लागली तरी आयसी वांचते. भिंतीवरचा अडॅप्टर लावण्याचा विचार असल्यास त्याचा दाब रिकामा असतांना मोजून घ्यावा; साध्या जातीच्या एलएम ३८६ ला १५ व्होल्ट ही शेवटची सीमा आहे, आणि १२ चा शिक्का असलेला जुना अडॅप्टर तिच्यापलीकडे जाऊं शकतो.

कामास बसण्यापूर्वीं झांकण उघडून आंतील तारांचें छायाचित्र घ्यावें आणि काढलेला प्रत्येक भाग पाकिटांत घालून नांव लिहून ठेवावा. पुण्यांत बुधवार पेठेंत व मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर हे सर्व जिन्नस मिळतात. डाख देतांना खिडकी उघडी असावी, कारण राळेचा धूर डोळ्यांस व छातीस बाधतो. डाखांत शिसें असतें, म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याखेरीज खाऊं नये. लहान मुलांजवळ वडील माणसानें बसावें. दारापासून गेटपर्यंतची तार चार बोटांहून लांब ठेवूं नये. लांब ठेविली तर ती आकाशवाणीही ऐकूं लागते.

सर्व जोडणी झाली म्हणजे आयसीवाचून बॅटरी लावून ६ व्या पायाच्या खांचेंत ९ व्होल्टांच्या जवळपास दाब येतो कीं नाहीं हें पाहावें. डायोडमुळें तो किंचित् कमी भरेल. मग बॅटरी काढून आयसी बसवावी, आणि मीटर रांगेंत ठेवून व्हॉल्यूम शून्यावर असतांना प्रवाह मोजावा. तो ५-६ मिलिॲम्पिअरच्या आसपास भरला तर झांकण लावण्यास हरकत नाहीं. ३० च्या वर गेला तर तत्काळ बॅटरी काढावी व डाखाचा एखादा थेंब दोन पायांमध्यें सांडला आहे काय, तें भिंगानें शोधावें.