आटे गेले म्हणून ब्लॉक टाकू नका



गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टर, जीप, विहिरीवरचं इंजिन यांची डागडुजी आपण करतोच. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला तर वजनही राहतं आणि साखरही. वाटेत ट्रॅक्टर बसला तर तोटा जसा वाहतूकवाल्याचा, तसाच ऊसवाल्याचा. म्हणून या खेपेला आम्ही एका लहानशा, पण पुष्कळ पैसे खाणाऱ्या दुखण्याबद्दल लिहीत आहोत : इंजिनातले गेलेले आटे आणि तुटलेले स्टड.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट. एक टोक ब्लॉकमध्ये कायमचं बसतं, दुसऱ्यावर नट चढतो. हेड कितीदा उघडलं तरी झिजतो तो नट आणि स्टड. ब्लॉकचे आटे शाबूत राहतात. कित्येक स्टडना ब्लॉककडे जाड आटे आणि नटाकडे बारीक आटे असतात. तेव्हा बसवताना टोकं नीट पाहून घ्यावीत.

साबूत स्टड काढायला पकड लावू नका, आटे चेचतात. दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा. काढताना खालचा नट उलटा फिरवायचा, बसवताना वरचा नट सुलटा. गंजलेला असेल तर आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा आणि हातोडीनं टोकावर हलके ठोके द्या. तरीही हलला नाही तर स्टडभोवतीचा धातू तापवा, स्टड नव्हे. अर्थात डिझेल-पेट्रोलचा पाइप जवळ असताना हे करायचं नाही. हलला की एकदम ओढू नये; थोडा पुढे, थोडा मागे असा काढावा. घाईत जोर केला की तो मुळापाशी तुटतो, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

सर्वांत जास्त तुटतात ते सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे, कारण तिथे उष्णता आणि गंज दोन्ही. तुटका तुकडा पृष्ठभागाच्या वर थोडा जरी असला तरी त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावं. वेल्डिंगच्या उष्णतेनंच गंज सुटतो आणि नटाला पाना लावला की तुकडा निघतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडायला विसरू नका.

आत तुटला असेल तर ड्रिल. तुकड्याचा माथा कानशीनं सपाट करा, अगदी मध्यावर सेंटर पंच मारा आणि बारीक बिटापासून सुरुवात करा. उलट्या फिरकीचं बिट मिळालं तर उत्तम, पुष्कळदा भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. ईझी-आऊट नावाचं उलट्या आट्यांचं हत्यार बाजारात मिळतं. त्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : अडकलेल्या तुकड्यावर ते जोरानं फिरवू नये. ते कडक पोलादाचं असतं; आत मोडलं की साधं बिट त्यावर चालत नाही आणि शंभराचं काम हजारांत जातं.

आता आटे. नुसते मळले-चेपले असतील तर त्याच मापाचा टॅप फिरवून साफ होतात. माप आधी पिच गेजनं बघा, कारण काही जुन्या ट्रॅक्टरांत इंची आटे असतात आणि मिलिमीटरचा टॅप त्यात घातला की उरलेलंही जातं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बिडाला तेल लागत नाही, अॅल्युमिनियमला रॉकेल किंवा डिझेल लावावं.

आटे पार गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेची स्प्रिंग, बसवावी. १० मिलिमीटरच्या, दीडच्या आट्यासाठी मूळ भोक ८.५ चं असतं. हेलिकॉइलसाठी ते सुमारे १०.४ करून तिच्यासोबत येणारा खास टॅप मारतात. स्प्रिंग पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसवावी आणि तिची शेपटी मोडून बाहेर काढावी. मूळ मापाचा स्टड तसाच बसतो. बिडाच्या ब्लॉकला लेथवर बुश करूनही भागतं. चिकटवायच्या मसाल्यावर मात्र हेडचा स्टड कधीच विसंबू नये.

नवा स्टड लावताना एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि स्टड आवळला, तर आतल्या दाबानं ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोक फुंकून, फडक्यानं कोरडं करा. भोक पाण्याच्या जागेत उघडत असेल तर उलट आट्यांना सील लावावा लागतो. स्टड हातानं तळापर्यंत नेऊन बेताचाच बसवा. मूळ दर्जाचाच घ्या, स्वस्तातला बिनखुणेचा नको. मॅनिफोल्डला शक्यतो पितळी नट वापरा, ते सहसा अडकत नाहीत.

हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं आवळावेत. आकडा कंपनीच्या पुस्तकातला घ्यावा, शेजाऱ्याच्या इंजिनाचा नको. काही इंजिनांना तासभर चालवून, थंड झाल्यावर पुन्हा आवळायला सांगितलेलं असतं, काहींना तसं करायचंच नसतं. हेही त्याच पुस्तकात सापडेल.