सही नसलेलं चित्र आणि एक निळी चमक

आमच्या घरात पेन्सिलीने काढलेलं एक व्यक्तिचित्र आहे. नऊवारी, डोक्यावरून पदर, नाकात नथ, नजर किंचित डावीकडे. सही नाही, तारीख नाही. ही माझी पणजी, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या कुणा विद्यार्थ्याने १८९५च्या सुमारास तिला समोर बसवून हे चित्र काढलं, असं घरात सगळे सांगतात. मागच्या हिवाळ्यात आई ते पुण्याहून इकडे घेऊन आली. मामेभावाने चौकटीखाली लावायला पितळी पट्टीही करायला टाकली होती: 'जे. जे., १८९५'. म्हटलं, पट्टी ठोकण्याआधी जरा तपासून तर बघू.

पेन्सिल काय सांगते?

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ग्राफाइटची पूड आणि माती एकत्र भाजून पेन्सिल करायची पद्धत फ्रान्समध्ये कोंते याने १७९५ मध्ये शोधली. आजच्या पेन्सिलीही मुळात त्याच पद्धतीने होतात. चित्र तिरपं धरलं की ग्राफाइट धातूसारखं चमकतं, कोळसा मात्र काळाच राहतो. आमचं चित्र चमकलं, म्हणजे ग्राफाइट नक्की. पण एवढ्यावरून काळ काही कळत नाही.

मग कार्बन डेटिंग? ग्राफाइट म्हणजे शुद्ध कार्बनच की! पण गंमत अशी की कार्बन-१४चं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षं आहे आणि खाणीतलं ग्राफाइट कोट्यवधी वर्षांचं. त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. रेघ काल मारलेली असो की १८९५ साली, उत्तर एकच येणार.

कागद बोलतो

रेघ मुकी असली तरी कागद बोलका असतो. आधी तो उजेडासमोर धरायचा. जुन्या हातकागदावर साच्यातल्या तारांच्या समांतर रेघा दिसतात, कधी गिरणीचं जलचिन्ह दिसतं. इंग्लंडच्या व्हॉटमन कागदावर तर कित्येकदा जलचिन्हात सालही असे. आमच्या कागदात यातलं काहीच नव्हतं. कडा मात्र पिवळट होत्या. पिवळेपणा पाहून 'जुनं आहे' म्हणायचा मोह होतो, पण लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन असतं आणि ते उजेडात झपाट्याने पिवळं पडतं. खिडकीत विसरलेलं वर्तमानपत्र आठवा.

मग अतिनील प्रकाशाची टॉर्च आणली, खोट्या नोटा ओळखायला वापरतात तसली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात, ती अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. कागदात त्यांचा वापर साधारण १९५०च्या सुमारास रूढ झाला. खोलीत अंधार केला आणि तीन गोष्टी शेजारी ठेवल्या: प्रिंटरचा कोरा कागद, १९२०च्या दशकात छापलेली आजीची पोथी आणि हे चित्र. प्रिंटरचा कागद निळा पेटला. पोथी मंद, मळकट राहिली. चित्र? निळं!

लगेच निष्कर्ष काढला नाही. ही रसायनं कपडे धुण्याच्या साबणातही असतात, त्यामुळे ओल्या कपड्याने पुसलेला जुना कागदही चमकू शकतो. पण तशी चमक डागांसारखी असते. आमच्या चित्राची पुढची बाजू, मागची बाजू, चौकटीखाली दडलेल्या कडा, सगळं एकसारखं निळं होतं. म्हणजे रसायन कागद बनतानाच घातलेलं.

आणि पणजी गेली १९३०च्या आत.

उलट निकाल आला असता तर मात्र सावध राहावं लागलं असतं. जुना कागद म्हणजे जुनं चित्र नव्हे. एरिक हेबॉर्न हा इंग्रज नकलाकार जुने कोरे कागद मिळवून त्यांवरच चित्रं काढायचा. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका अभ्यासकाला दोन वेगळ्या जुन्या चित्रकारांच्या नावावरची चित्रं एकाच प्रकारच्या कागदावर दिसली, आणि त्याचं बिंग फुटायला सुरुवात झाली. कागद 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो. 'याच्या नंतरचं नाही' हे तो सांगू शकत नाही.

चुकीचा माग

मग पणजीचा चेहरा आला कुठून? आईने घरातल्या तिच्या एकुलत्या एका फोटोची प्रत मागवली. चेहऱ्याचं माप, नजर, पदराच्या चुण्या, सगळं जुळलं. पण खरा पुरावा एका चुकीत होता. फोटोवर खांद्यापाशी एक पांढरा ओरखडा आहे. चित्रात नेमक्या त्याच जागी पदराला एक विचित्र पांढरी किनार आहे. काढणाऱ्याला तो ओरखडा म्हणजे साडीचा काठ वाटला! जुन्या हस्तलिखितांची वंशावळ अभ्यासक अशीच लावतात: दोन पोथ्यांत तीच चूक सापडली, तर त्यांचं नातं उघड होतं.

आता हात कुणाचा? छटेच्या रेघा सगळीकडे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा सहसा उलट्या कलतात. लिओनार्डोचं डावखुरेपण त्याच्या रेघांत असंच दिसतं. अर्थात, कागद फिरवून काढला तर ही खूण फसवी ठरते. म्हणून हा पुरावा नव्हे, इशारा.

पण आईने ते ऐकलं आणि गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या घरात डावखुरी एकच. धाकटी मावशी." आजीची धाकटी बहीण. तिची आई गेली तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. फोटो तिच्याच ट्रंकेत सापडला होता.

हे चित्र तिचंच, असं मी म्हणणार नाही. तिच्या हातचं दुसरं चित्र मिळालं तर रेघा ताडून बघता येतील. आई तिच्या जुन्या वह्या शोधते आहे.

तुमच्याकडेही असं चित्र असेल तर टॉर्च, भिंग आणि उजेड एवढ्यावर सुरुवात करा. खोडरबर, पाणी आणि चिकटपट्टी मात्र लांब ठेवा. चित्र चौकटीला चिकटलं असेल तर ओढू नका.

पितळी पट्टी आम्ही परत केली. सध्या चित्रामागे एक चिठ्ठी आहे: 'फोटोवरून, १९५०च्या सुमारास किंवा नंतर. काढणारी व्यक्ती बहुधा डावखुरी.' मामेभाऊ थोडा खट्टू झाला. आईने मात्र चित्र हॉलमधून काढून आपल्या पलंगासमोर लावून घेतलं.