‘पान पिवळं पडलंय, काय मारू?’

शेती आता तू बघणार म्हणजे राहुरीच्या विद्यापीठात, बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर किसान कॉल सेंटरला तुझे फोन जाणारच. कृषी सहाय्यकाच्या नोकरीत माझं आयुष्य असले प्रश्न ऐकण्यात गेलं. त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न वर मथळ्यात घातलाय. त्याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही, आणि जो पटकन देतो त्याच्यापासून जरा जपून राहा.

पिवळं म्हणजे कोणतं पान, ते आधी बघ. उसाच्या खोडव्यात शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी-पांढुरकी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या रानात हा केवडा नेहमीचाच. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. उलट बुडाकडची जुनी पानं आधी पिवळी पडत गेली तर नत्राकडे बघायचं, कारण नत्राची ओढाताण झाली की पीक जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. आणि अख्खं बेटच सुकतंय, हलकं ओढलं तरी उपटून हातात येतंय, तर बुडाची माती उकर. हुमणी मुळं खात बसलेली सापडेल. तिन्ही ठिकाणी ऊस पिवळाच. पण पहिल्या रानात युरिया टाकलास तर पैसे पाण्यात गेले, आणि तिसऱ्यात टाकलास तर हुमणीला त्याचं काय? मग फोनवरच्या माणसाने नुसत्या ‘पिवळं’वरून काय सांगावं!

म्हणून फोन लावायच्या आधी वही घेऊन रानात जा. पीक, जात, लागणीची तारीख, आडसाली की सुरू की खोडवा, किती गुंठ्यांत दिसतंय, बांधाकडेला की मधोमध, कधीपासून, पाणी ठिबकचं की पाटाचं, शेवटचं खत कधी आणि कोणतं, हे सगळं टिपून घे. माती परीक्षणाचा कागद असला तर सामू आणि क्षारता वाचून दाखव. प्रवरेच्या कालव्याखालच्या कितीतरी भारी जमिनी पाणी पाजून पाजून क्षारपड झाल्यात. तिथली दुखणी हे आकडे समोर असल्याशिवाय कळत नाहीत. आणि विद्यापीठाची कृषिदर्शनी घरात पडलेली असते, ती उघडून बघ. जे तिच्यात छापलंय तेवढ्यासाठी शास्त्रज्ञाचा वेळ घेऊ नये.

फोटो पाठवायचा तर भर दुपारच्या उन्हातला, हलत्या हाताचा नको. एक फोटो लांबून सगळ्या प्लॉटचा, एक आख्ख्या झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या. शेजारी एखादं नाणं ठेव म्हणजे डागाचा आकार कळतो. कांद्याचा फोटो असेल तर पात फाकवून आतला गाभा दाखव, फुलकिडे तिथेच दडतात. पंचवीस फोटो ढकलून खाली ‘सर अर्जंट’ लिहिणाऱ्याचे फोटो कुणी उघडत नाही.

रोगाचं नाव मात्र तू ठेवू नकोस. ‘डाळिंबावर तेल्या आलाय, औषध सांगा’ असं म्हटलंस की समोरचा तेल्याचंच औषध सांगतो. डाग बुरशीचा निघाला तर? डाग कसा दिसतो तेवढं सांग, नाव त्यांना ठेवू दे. २०२० च्या मे महिन्यात अकोले-संगमनेरकडच्या टोमॅटोंवर रंगीबेरंगी चट्टे आले, तेव्हा ‘तिरंगा’ नावाने केवढा गोंधळ माजला! माणसालाही बाधतो म्हणून आवई उठली आणि बाजारात टोमॅटोला कुणी हात लावेना. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा कुकुंबर मोझॅक हा झाडांवरचा जुनाच विषाणू त्यात निघाला. तो माणसाला लागतच नाही.

आता महत्त्वाचं. जे सांगायला लाज वाटते, ते पहिल्यांदा सांग. शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरटी झाली, आकसली, की लोक व्हायरस व्हायरस म्हणत येतात. बरेचदा कारण एकच असतं: शेजारच्या उसात टू-फोर-डी तणनाशक मारलेलं असतं आणि वाऱ्याने ते इकडे आलेलं असतं, किंवा त्याच पंपाने, नीट न धुता, कपाशीवर फवारलेलं असतं. ‘पंप कुठला वापरला’ असं विचारलं की माणूस गप्प होतो. त्या गप्प बसण्यात आठवडा जातो, नको ती दोन औषधं मारली जातात. दुकानदाराच्या सांगण्यावरून काय काय मारलंस, तेही लपवू नकोस. तुला रागवायला कुणाला वेळ नाही, त्यांना फक्त निदान करायचंय.

एकाच दुखण्यासाठी एकाच दिवशी चार ठिकाणी विचारून चारही औषधं एका टाकीत ओतणारे मी पाहिलेत. दुसऱ्याला विचारायचंच असेल तर पहिल्याने काय सांगितलं ते मोकळेपणाने सांग. शास्त्रज्ञाच्या खासगी मोबाइलवर रात्री फोन करू नकोस. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा बिनपैशाचा नंबर सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, आणि मराठीत बोलतात.

उत्तर मिळालं की लिहून घे आणि परत वाचून दाखव. ‘पंपाला किती’ असं विचारू नकोस. पंप कुणाचा पंधरा लिटरचा, कुणाचा वीसचा. लिटरला किती मिली ते विचार, आणि झाकणाने मोजू नकोस. आठ-दहा दिवसांनी काय झालं ते कळव. फरक पडला नसेल तर नक्कीच कळव, त्यांना पुढच्या शेतकऱ्याला सांगायला तेच उपयोगी पडतं. आणि औषधाच्या ब्रँडपेक्षा आतल्या घटकाचं नाव लिहून ठेव. डब्यावर ते बारीक अक्षरात असतं. दुकानात तो घटक नसेल आणि ‘हेही तसलंच आहे’ म्हणून दुसरा डबा पुढे आला, तर घेऊ नकोस, तिथूनच परत फोन लाव.